पाळणा आणि काठी : लोकसंख्येचे धोरण व आपल्या रुग्णालयाचे कर्तव्य

(वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)





अहवालाच्या पुढील पानांवर ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचे पत्रक आणि विभागवार कामाचा तपशील आपणास वाचावयास मिळेलच. त्यातील आकडे येथे वाचून दाखविण्याचा आमचा हेतू नाही. त्या आकड्यांच्या मागे जो मोठा बदल घडत आहे, त्याकडे आपले लक्ष वेधावे एवढ्यासाठीच आजचा वेळ आम्ही मागून घेतला आहे. प्रसूतिकक्ष हे एके काळी धर्मादाय रुग्णालयाचे सर्वांत गजबजलेले दालन असे. आज पुरुष व स्त्री अशा दोन्ही सामान्य कक्षांत साठी-सत्तरी ओलांडलेले रुग्णच अधिक दिसतात. ही एका रुग्णालयाची गोष्ट नाही. सबंध देशाचा, किंबहुना जगातील बहुतेक देशांचा प्रवास याच दिशेने चालला आहे. सरकारांनी त्यास कसे तोंड दिले हे पाहिल्यावाचून आपल्या संस्थेचे पुढील पाऊल ठरविणे योग्य होणार नाही.

प्रथम पाळण्याकडे पाहू. स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेत, म्हणजे १९५१ साली, देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती आणि एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम हाती घेतला. असा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातील पहिला देश होय. महाराष्ट्राला मात्र हा विचार नवा नव्हता. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालविले. त्यापायी त्यांना नोकरी गमवावी लागली, न्यायालयात उभे राहावे लागले. त्यांच्या कार्याशी जोडल्या गेलेल्या शकुंतला परांजपे यांनी पुढे हाच प्रश्न संसदेपर्यंत नेला. कर्व्यांचा भर स्त्रीच्या आरोग्यावर आणि तिच्या इच्छेवर होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे सरकारी यंत्रणेच्या हातून नेमका हाच मुद्दा निसटला.

साठच्या दशकात लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला, लूप आला, निरोध आला. त्यानंतर शिबिरे आली. १९७१ साली केरळातील एर्नाकुलम येथील एका शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शिबिराबरोबर उद्दिष्टांचे आकडे आले आणि उद्दिष्टांबरोबर सक्ती आली. आणीबाणीच्या काळात, एप्रिल १९७६ मध्ये, राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट म्हणावी लागेल. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्यावर माणसे आणण्याचे उद्दिष्ट लादले गेले आणि पगारापासून शिधापत्रिकेपर्यंत अनेक गोष्टी त्याच्याशी जोडल्या गेल्या.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकविली जाते, ती अशी की केवळ विक्रीचा आकडा वाढविण्यासाठी बळेच माल खपविला, तर पुढील वर्षी तो परत येतो. १९७७ मध्ये नेमके तसेच झाले. निवडणुकीत सरकार गेले, कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' असे ठेवावे लागले, आणि पुरुषांनी नसबंदीकडे जी पाठ फिरविली ती आजतागायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आहे, तर पुरुषाची केवळ ०.३ टक्के जोडप्यांत. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची. तरीही सक्तीच्या एका वर्षाची किंमत पुढील दोन पिढ्यांतील स्त्रियांनी आपल्या शरीराने चुकती केली.

मग मुले कमी कशाने झाली? केरळ राज्याने कोणतीही सक्ती न करता १९८० च्या दशकाच्या अखेरीस दर स्त्रीमागे दोनच्या आसपास मुलांचा टप्पा गाठला. मुलींचे शिक्षण, घराजवळचा दवाखाना आणि जन्मलेले मूल जगेल याची खात्री, ही त्यामागील कारणे अभ्यासकांनी वारंवार सांगितली आहेत. आपल्याकडे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले आणि हीच गोष्ट दुष्काळी मुलुखात करून दाखविली. मूल जगते हे आईला दिसले, की ती आपण होऊन पुढील पाळणा लांबविते. सरकारलाही हे उमगले. १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत मागे घेण्यात आली आणि २००० सालच्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात ऐच्छिकतेचे तत्त्व स्पष्ट शब्दांत नमूद झाले. १९९२-९३ मध्ये देशात दर स्त्रीमागे ३.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.० झाली. महाराष्ट्रात हा आकडा १.७ आहे. याचा अर्थ, आई आणि वडील या दोघांची जागा घेण्याइतकीही मुले आता आपल्या राज्यात जन्माला येत नाहीत.

या प्रवासात एक काळी नोंदही आहे, ती टाळता येत नाही. कुटुंब लहान झाले, पण मुलाचा हव्यास लहान झाला नाही. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही राज्यातील सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. आपल्या सोनोग्राफी विभागात प्रत्येक गरोदर स्त्रीचा फॉर्म 'एफ' भरताना नातेवाइकांना जो विलंब होतो, त्याबद्दल कोणी कोणी नाराजी व्यक्त करतात. ती नाराजी आम्ही आनंदाने स्वीकारतो. त्या फॉर्ममधील एकही रकाना रिकामा राहणार नाही.

शेजारच्या देशांनी काय केले? चीनने १९८० च्या सुमारास 'एक मूल' धोरण कठोरपणे राबविले. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांची मुभा दिली. तरीही २०२२ मध्ये त्या देशाची लोकसंख्या सहा दशकांत प्रथमच घटली आणि २०२५ पासून तेथे निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढविले जात आहे. सिंगापूरने १९७० च्या दशकात 'दोनवर थांबा' असा प्रचार केला आणि १९८७ मध्ये 'परवडत असेल तर तीन किंवा अधिक' असा नेमका उलटा. बक्षिसे देऊनही पाळणे भरले नाहीत. आपल्या देशातही वारे बदलू लागले आहेत. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक निवडणुका लढविण्यास असलेली बंदी आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये उठविली. लोकसंख्येचा पाळणा दंडाने थांबतो असे वाटणाऱ्या सरकारांना तो बक्षिसाने पुन्हा हलत नाही, हे उशिरा कळले.

आता काठीकडे वळू. २००१ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या सुमारे ७ कोटी ७० लाख होती, २०११ मध्ये ती सुमारे १० कोटी ४० लाख झाली. त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या. महाराष्ट्रात लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के नागरिक साठीपुढील होते. शतकाच्या मध्यापर्यंत देशातील दर पाच व्यक्तींपैकी एक ज्येष्ठ असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. ज्यांनी दोन मुलांवर समाधान मानले, त्याच दांपत्यांची ही पिढी आहे. त्यांनी देशाचे ऐकले. आता मुलगा बंगळुरूला वा परदेशी, मुलगी सासरी, आणि घरात दोघे, पुढे एकटीच आई, असे चित्र शहरांतच नव्हे, तर कोकणातील व देशावरील गावांतही दिसते.

वृद्धांच्या बाबतीत सरकारे काय करू शकतात, याचे बोलके उदाहरण जपानचे आहे. १९७३ मध्ये जपानने सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी वैद्यकीय उपचार विनामूल्य केले. हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला, की ज्यांना उपचारांची नव्हे तर सोबतीची व शुश्रूषेची गरज होती, असे हजारो वृद्ध महिनोन् महिने रुग्णालयांत राहू लागले, कारण रुग्णालय विनामूल्य होते आणि घरी पाहणारे कोणी नव्हते. खाटा भरल्या, खर्च वाढला, आणि १९८३ पासून ज्येष्ठांकडून पुन्हा थोडी रक्कम घेणे सुरू झाले. शुश्रूषा हा स्वतंत्र प्रश्न आहे हे ओळखून जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा लागू केला. चाळीस वर्षांवरील प्रत्येकाने हप्ता भरावयाचा. निम्मा खर्च हप्त्यांतून आणि निम्मा करांतून. वृद्धाची तपासणी करून त्याच्या परावलंबनाची पातळी ठरवावयाची आणि त्याप्रमाणे घरी येणारी मदतनीस, दिवसाचे केंद्र किंवा शुश्रूषागृह द्यावयाचे. वापरणाऱ्याने सुरुवातीस दहा टक्के खर्च सोसावयाचा. त्या योजनेवरही आज पैशाचा आणि मनुष्यबळाचा ताण आहे. परंतु उपचार आणि शुश्रूषा यांची खाती त्यांनी वेगळी केली, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे ही खाती अद्याप वेगळी झालेली नाहीत. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्येष्ठ नागरिकांचे राष्ट्रीय धोरण १९९९ साली आले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळविता येते. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. निवृत्तिवेतनाच्या केंद्रीय योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धांना केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेमुळे महाराष्ट्रात ही रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले.

या सर्व नोंदी जमेच्या बाजूस मांडल्या, तरी एक रकाना रिकामा राहतो. विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल असेपर्यंत चालतो. कायदा मुलांना पैसे द्यावयास लावू शकतो, पण अंघोळ घालावयास लावू शकत नाही. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना सहा आठवडे उठवून बसविणारे, पक्षाघात झालेल्या आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलणारे हात कोठून यावेत, याचे उत्तर कोणत्याही योजनेत नाही. आजवर हे उत्तर 'घरची सून' असे होते. सून आता नोकरीस जाते, आणि ते योग्यच आहे. ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवणे मध्यमवर्गालाही जड जाते. ज्यांच्या हाती पंधराशे रुपये पडतात, त्यांनी तो विचारही करू नये.

म्हणूनच डिस्चार्जचा दिवस हा आमच्या कामातील सर्वांत अवघड दिवस झाला आहे. डॉक्टर सांगतात, रुग्ण बरा आहे, घरी न्या. नातेवाईक विचारतात, कोणाच्या भरवशावर? खाट अडवून ठेवली तर बाहेर बाकावर बसलेला दुसरा रुग्ण परत जातो. रिकाम्या घरात पाठविले तर तोच रुग्ण पाठीला जखमा घेऊन, अधिक आजारी होऊन, पुन्हा आपल्याच दारी येतो. दोन्हीकडे नुकसान माणसाचे आहे. जपानने १९७३ नंतरच्या दहा वर्षांत जो अनुभव घेतला, तोच आपल्या सामान्य कक्षात लहान प्रमाणावर आज चालू आहे.

येथे कोणी विचारतील, की हे काम सरकारचे, धर्मादाय रुग्णालयाने ते आपल्या अंगावर का घ्यावे? प्रश्न रास्त आहे. कायद्याने आपल्यावर घातलेली जबाबदारी आपण पाळतोच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. परंतु ही योजना उत्पन्नाच्या दाखल्यावर चालते. ज्या मातेचा मुलगा उत्तम कमावतो पण वर्षानुवर्षे फिरकत नाही, ती कागदावर निर्धन ठरत नाही. तिच्या हाती पैसा नसतो, आणि मुलाविरुद्ध अर्ज करावयाचा नाही एवढा अभिमान मात्र असतो. सरकार नियमाने चालते आणि त्याने तसेच चालावे. नियमाच्या दोन ओळींमधील अशा माणसांसाठीच विश्वस्त संस्था असतात. रघुनाथरावांनी केंद्र उघडल्यानंतर एकतीस वर्षांनी सरकार त्या कामास लागले. सरकारच्या आधी समाजाने पाऊल टाकावयाचे, ही आपल्या राज्याची जुनी रीत आहे.

केरळने याही बाबतीत वाट दाखविली आहे. कोळिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमन व शुश्रूषेचे काम काही डॉक्टर व स्वयंसेवक यांनी सुरू केले. शेजारीपाजारी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले, परिचारिका ठरावीक दिवशी फेरी करू लागल्या, आणि २००८ मध्ये त्या राज्याने याविषयीचे धोरणच जाहीर केले. तेथे स्थानिक स्वराज्य संस्था या कामास पैसा देतात.

या पार्श्वभूमीवर विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी विचारार्थ ठेवल्या आहेत. पहिली, प्रसूतिकक्ष बंद न करता त्यातील वापरात नसलेल्या जागेचा संक्रमण कक्ष करावा. तेथे उपचार संपलेले पण घरी जाण्याजोगे न झालेले वृद्ध ठरावीक मुदतीसाठी राहतील, आणि त्याच मुदतीत नातेवाइकांना रुग्णास उठविणे, भरविणे, जखम स्वच्छ करणे शिकविले जाईल. दुसरी, एक परिचारिका, एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि एक समाजसेविका यांचे गृहभेट पथक असावे. तिसरी, वॉर्डातील आपल्या अनुभवी मावशींकडून नव्या मुली व मुलांना शुश्रूषेचे शिक्षण द्यावे. त्यामुळे रुग्णांना हात मिळतील आणि त्या हातांना काम मिळेल.

यास पैसा लागेल, आणि तो कोणत्या प्रकारचा लागेल हे देणगीदारांना स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. इमारत, यंत्र, खाट यांसाठी देणगी मिळते. त्यावर नावाची पाटी लागते, पुढील पिढ्या ती पाहतात, आणि या संस्थेची प्रत्येक भिंत अशाच औदार्यातून उभी आहे, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी यंत्रे मात्र फारशी लागत नाहीत, लागतात ती पगार घेणारी माणसे. हिशेबाच्या भाषेत हा भांडवली खर्च नसून महसुली खर्च आहे, आणि तो दरमहा एक तारखेस उभा राहतो. परिचारिकेच्या पगारावर पाटी लावता येत नाही. म्हणून आमची विनंती अशी, की 'वृद्ध शुश्रूषा निधी' या नावाने स्वतंत्र कायम निधी उभारावा, त्याची मुद्दल अबाधित राहावी, व्याजातून केवळ याच कामाचे पगार भागावेत, आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी या अहवालात वेगळ्या परिशिष्टात छापावा. निधी पुरेसा होईपर्यंत तिन्ही गोष्टी एकदम हाती घेऊ नयेत. व्याजात जेवढे बसेल तेवढेच काम सुरू करावे आणि सुरू केलेले बंद पडू देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. आज आलेली परिचारिका उद्यापासून येणार नाही, हे अंथरुणावरील माणसाला सांगण्याची वेळ येऊ नये.

रुग्णांच्या आप्तांना एकच सांगणे. रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशीच, तो घरी कोणाकडे जाणार याविषयी आमच्या समाजसेवा विभागाशी बोलावे. त्यात संकोच बाळगू नये. लांब राहणाऱ्या मुलामुलींनी पैसे पाठविण्याबरोबर एक दूरध्वनी क्रमांक असा द्यावा, की जो रात्रीही उचलला जाईल.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी देशाने नागरिकांना सांगितले, कुटुंब लहान ठेवा, तुमची काळजी देश घेईल. ज्यांनी ते ऐकले ते आज आपल्या दारी काठी टेकीत येत आहेत. ते दिलेले वचन पाळण्यातील सरकारचा वाटा सरकारकडे मागत राहू. आपला वाटा आपण उचलावा, एवढीच प्रार्थना.